ट्रेलर झाला की निघतो

अख्ख्या खालापूर तालुक्यात आमच्या साडूंइतका संशयी माणूस दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही. माणसांवर मात्र त्यांनी कधी संशय घेतला नाही. त्यांचा सगळा संशय नट, बोल्ट, कड्या आणि गाठींवर. एसटीत बसले की पिशवी सीटच्या दांड्याला सुतळीने बांधणार. कशेळ्याच्या एका लग्नात त्यांनी सवयीने मांडवाचा खांब हलवून पाहिला, तर तो उपटून हातातच आला. "बघ, मी सांगत नव्हतो?" असे माझ्यावर डोळे वटारत ते मंगलाष्टकं संपेपर्यंत खांब धरून उभे राहिले. हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांच्या वाटच्या अक्षताही मीच टाकल्या.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. आधी त्यांची गेली, मग माझी. ज्यांच्यामुळे नातं जुळलं त्या दोघी निघून गेल्या आणि आम्ही मात्र साडूचे साडू राहिलो. मी चौकला, ते लोधिवलीला. संध्याकाळ झाली की मी चहाला त्यांच्या अंगणात. दुसरं जाणार कुठे?

त्यांची मुलगी पुण्याला. "बाबा, एकटे राहू नका, इकडे या," असा तिचा रोज फोन. साडूंनी एकच अट घातली, मोटारसायकल बरोबर येणार. ती इतकी जुनी की घाट चढायची नाही, आणि टेंपोवाल्यांवर यांचा विश्वास नाही. "आडवी टाकतात रं, आजारी म्हशीसारखी!" तेव्हा जावयाच्या जीपमागे जोडायला ट्रेलर स्वतःच बनवायचा. "ट्रेलर झाला की निघतो," असा त्यांनी मुलीला शब्द दिला.

जुन्या टेंपोचा ॲक्सल आला, भंगारातले अँगल आले, पुढचं चाक अडकवायला खाच झाली, चारी बाजूंनी आवळायचे पट्टे आले. चाचणीसाठी ट्रेलर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमागे जोडला, आणि वर बांधलेल्या मोटारसायकलवर हेल्मेट घालून साडू स्वतः बसले. "गाडी हलते का नाय, ते बसल्याशिवाय कळंल कसं?" चौकच्या नाक्यावर लोकांना वाटलं, हे निवडणुकीला उभे राहिलेत. कुणीतरी हार घातला. एका बाईने नळाला पाणी येत नसल्याचं गाऱ्हाणं मांडलं. साडूंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि "बघतो," म्हणाले.

गाडी तसूभर हलली नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी त्यांना खाच रुंद वाटली. मग पट्ट्यांच्या कड्या फार मागे गेल्यासारख्या वाटल्या. "अहो दादा, गाडी पुण्याला न्यायचीय, चंद्रावर नाही!" मी चिडवायचो. एका संध्याकाळी गेलो तर आदल्या दिवशी केलेलं चांगलं वेल्डिंग ग्राइंडरने कापत बसलेले. मला पाहून दचकले. "सांधा कच्चा हाय रं," म्हणाले, आणि दारात त्यांच्या बायकोने लावलेल्या अबोलीकडे बघत राहिले. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. ट्रेलर होत नाही तोवरच त्यांना या घरात राहता येणार होतं.

गेल्या रविवारी मुलगी आणि जावई जीप घेऊन हजर. तिने आत बॅगा भरायला घेतल्या. जावयाने ट्रेलर गदागदा हलवून पाहिला. "मस्त झालाय, बाबा. उद्या सकाळी निघू."

खाच, कड्या, पट्टे, सगळ्यांवरून साडूंनी हात फिरवला. खोट काढायला काही उरलंच नव्हतं. मग ते माझ्याकडे बघायला लागले. हा माणूस गेला की माझ्या संध्याकाळी खायला उठणार होत्या. मला नटबोल्टातलं ओ की ठो कळत नाही. तरी मी गुडघे टेकले, एक डोळा मिटून चाकाखाली पाहिलं आणि म्हणालो, "दादा, ॲक्सल जरा वाकडा दिसतोय."

"दिसतोय ना?" साडू लगबगीने माझ्या शेजारी येऊन वाकले. "मला पन तेच वाटत होतं. घाटात इषाची परीक्षा कशाला?"

जावयाने कपाळाला हात लावला. साडू ग्राइंडर आणायला गेले आणि मी आत जाऊन चहा ठेवला.

जावई पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहे. तोवर आणखी काय वाकडं काढावं, याचा मला घोर लागलाय.