वामनभाऊंनी चिकटवलेलं स्टिकर

वामनभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी रद्दीवाल्याकडून आणलेल्या शब्दकोशावरची किमतीची चिठ्ठी खोबरेल तेलानं भिजवत बसले होते. फोन त्यांच्या मुलीचा, रंजनाचा. "बाई, बाबा गेले," एवढंच बोलली. मी येते म्हटलं, फोन ठेवला, आणि तेलकट बोटांनी परत ती चिठ्ठीच खरवडायला लागले. काय करतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. ही विद्या त्यांचीच. आधी तेल, मग धीर, मग नख. घाईनं नख लावलं की कागद फाटतो, गोंद राहतो, आणि त्यावर धूळ बसून काळा चौकोन होतो तो कायमचा. आता महिना होत आला. शब्दकोश टेबलावर तसाच पडलाय, अर्धवट सोललेला.

पुलगावच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवलं तिथं वामनभाऊ प्रयोगशाळेत परिचर होते. शेजारच्याच नाचणगावात आमची घरं समोरासमोर. बायको लवकर गेली, घरात ते आणि रंजना, पगार बेताचा. त्यामुळे कपाट, पंखा, शिलाई मशीन, सगळं जुन्या बाजारातलं. पण कोणी ओळखून दाखवावं. लिलावाचा खडूचा आकडा, दुकानदाराची चिठ्ठी, पेटीच्या आत रंगवलेलं कोणाचं तरी नाव... वस्तू घरी आली की दोन दिवसांत तिला मागचं काही उरायचं नाही. मी चिडवायची, "भाऊ, तुमच्या घरी आलेली वस्तू माहेर विसरते." ते हसायचे नाहीत. लहानपणी त्यांना कोणाचा तरी जुना सदरा मिळाला होता, कॉलरला धोब्याची खूण असलेला, आणि ज्याचा सदरा तो मुलगा त्यांच्याच वर्गात होता. "त्यानं साऱ्या वर्गाले कॉलर उलटून दाखवली, बाई," असं एकदा म्हणाले होते. त्यानंतर मी चिडवणं सोडलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा रंजनाचं लग्न ठरलं. मुलगा वर्ध्याला एका खाजगी कंपनीत, घरात तो आणि त्याची आई. मंडळी मूळची आर्वीकडची, वर्ध्याला येऊन दोन वर्षं झालेली. चौकशी आम्ही रीतसर केली, मीही वामनभाऊंबरोबर गेले होते. शेजारी चांगलं बोलले, कंपनीतले चांगलं बोलले. वर्ध्यात केली चौकशी, सगळी वर्ध्यात. आर्वीत जाऊन विचारावं असं आम्हा दोन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आर्वीला भाऊ गेले ते भांड्यांसाठी. तिथं जुन्या भांड्यांचं एक दुकान त्यांच्या माहितीचं होतं. संध्याकाळच्या एसटीनं परतले ते दोन पोती घेऊनच. पाणी भरायचा पितळेचा गुंड, परात, स्टीलचे डबे, ताटं, वाट्या, लग्नात मुलीला द्यायचा अख्खा संच, आणि बहुतेक सगळा न वापरलेला. डब्यांवर कंपनीची चकचकीत स्टिकरं शाबूत. फक्त दुकानदाराचे लाल रंगाचे आकडे होते, आणि प्रत्येक भांड्यावर ठोकून घातलेलं नाव. 'चि. सौ. कां. माया हिस आईकडून.'

आठ दिवस आम्ही त्यांच्या मागच्या ओसरीत बसलो. रंजनाला कळू द्यायचं नव्हतं, ती तेव्हा वर्ध्याला मावशीकडे होती. भाऊंना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून मी भांडं उजेडात धरून नाव कुठे आहे ते दाखवायची आणि ते पॉलिश पेपरनं घासायचे. वाट्या, ताटं, तांबे. माया, माया, माया. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "भाऊ, नवा कोरा संच, आईनं नाव घालून दिलेला. कोणी विकला असेल हो?" त्यांचा हात थांबला नाही. "विकला असन कोनीतरी. आपल्याले काय करायचं, बाई?" आणि मी पुढची वाटी उजेडात धरली. एका मराठीच्या शिक्षिकेनं 'आईकडून' हा शब्द आठ दिवस वाचला आणि पुसायला दिला. याचा राग मला आजही येतो, आणि तो माझ्यावरच येतो.

एका मोठ्या डब्याचं झाकण मात्र अडून बसलं. त्यावर नुसतं 'माया' होतं, पण इतकं खोल ठोकलेलं की घासावं तर पत्रा फाटेल. भाऊंनी दोन दिवस प्रयत्न केला. मग दुसऱ्या डब्यावरचं कंपनीचं स्टिकर अलगद सोडवलं आणि त्या नावावर चिकटवलं. "राहू द्या, नवं दिसते," म्हणाले. जन्मभर स्टिकरं काढणाऱ्या माणसानं आपल्या हातानं चिकटवलेलं ते एकच स्टिकर. मग सगळ्या भांड्यांवर रंजनाचं नाव घालून आणलं.

लग्नात भांडी मांडून ठेवली होती तिथं मी उभी होते. रंजनाच्या सासूबाई आल्या, सावकाश सगळ्यांवरून नजर फिरवली आणि परातीपाशी थांबल्या. त्या परातीच्या काठाला एक जुना पोचा होता. त्यांनी परात उचलली, उलटी केली, आणि बोट फिरवलं... बरोबर जिथलं नाव आम्ही पुसलं होतं तिथं. रंजनाचं नाव दुसऱ्या बाजूला होतं, तिकडे पाहिलंही नाही. "भांडे कुठून घेतले?" भाऊ म्हणाले, "वर्ध्याहून. कोरे आहेत." सासूबाईंनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि मग हसल्या. "बरे आहेत," म्हणाल्या. मला वाटलं, जुनी भांडी ओळखली बाईनं, आता पोरीला आयुष्यभर टोमणे ऐकावे लागणार. एवढीच माझी धाव.

टोमणे आले नाहीत. दिवाळीला रंजना आली, थोडी वाळली होती. म्हणाली, "बाबा, सासूबाईनं तुमचे सारे भांडे माळ्यावर टाकून देल्ले. त्या गुंडातलं पानी त्या पीतच नाईत." चोरी पकडली गेली असंच भाऊंना वाटलं. त्या रात्री जेवले नाहीत.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, भर दुपारी, रंजना एकटीच पुलगाव स्टेशनवरून चालत घरी आली. पायात चप्पल नव्हती. पिशवीत एक झाकण. पापड भरायला म्हणून तिनं माळ्यावरून तो मोठा डबा काढला होता, आणि झाकणावर स्टिकर पाहून तिला राहवेना. बापाचीच लेक ती. तेल लावून, धीर धरून, नखानं तिनं ते काढलं. खाली 'माया'. घरात तेव्हा नवऱ्याची म्हातारी आत्या आर्वीहून आलेली होती, सासू बाहेर गेली होती. रंजनानं सहज विचारलं, "आत्याबाई, माया कोन?" आत्यानं हातातला चहा खाली ठेवला. दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुले सांगतलं नाई? पोरी, माहेरी जाय. आताच जाय. कोनाची वाट नको पाहू."

माया रंजनाच्या नवऱ्याची पहिली बायको. लग्नाला सहा महिने झाले होते. आर्वीच्या घरामागच्या विहिरीत पाय घसरून पडली, असं सांगितलं गेलं. तिला पोहता येत होतं, हे तिच्या आईनं भाऊंना नंतर सांगितलं. लेकीची भांडी आईनं परत मागितली, तर त्यांनी ती विकून टाकली आणि वर्धा गाठलं. आणि आम्ही तीच भांडी, तिचं नाव घासून काढून, दुसरी पोर बरोबर देऊन त्याच घरात पोचवली होती.

रंजना परत गेली नाही. काडीमोड झाला. पोलिसांत गेलो, पण झाकणावरचं नाव हा काही पुरावा होत नाही. आत्याबाईंनी पुढे तोंड उघडलं नाही. वर्षाच्या आत ते मायलेक वर्धा सोडून गेले. कुठे, कोणालाच ठाऊक नाही. रंजना शिवणकाम करते, बरी आहे. लोक म्हणायचे, पोर वाचली, देवाची कृपा. भाऊंना ते सहन होत नसे. "मी नीट काम केलं असतं तं पोर मेली असती, बाई," असं म्हणायचे.

त्यानंतर त्यांनी कशावरचीही चिठ्ठी काढली नाही. बादलीवर किंमत, खुर्चीवर लिलावाचा आकडा, सगळं तसंच. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आर्वीची एसटी. त्या दुकानात जायचे, भांडी एकेक करून उलटी करायचे, भिंग धरून नाव वाचायचे आणि रिकाम्या हातानं परत यायचे. दुकानदार आधी वैतागला, मग त्यांच्यासाठी स्टूल ठेवायला लागला. काय शोधता, हे मी विचारलं नाही. मला ते कळत होतं. ते मायलेक कुठंतरी होते, आणि मुलगा अजून लग्नाच्या वयाचा होता.

शेवटची भेट झाली तेव्हा भाऊ खाटेवरून उठू शकत नव्हते. "दोन महिने झाले, आर्वीले गेलो नाई. बाई, तुमी एकदा पाहून येजा." मी हो म्हटलं. आजारी माणसाला म्हणतात तसं.

परवाच्या रविवारी मी आर्वीला गेले. निघताना रंजनानं ते झाकण माझ्या पिशवीत घातलं. दुकानदार आता थकलाय. भाऊ गेल्याचं सांगितलं तर एवढंच म्हणाला, "पाहा तुमी, पाहा." स्टूल जागेवरच होतं. मी तासभर भांडी उलटी केली. कुठल्या आजोबांचं स्मरण, कुठल्या वास्तुशांतीची भेट. उठणार तेवढ्यात कोपऱ्यात सुतळीनं बांधलेली ताटं दिसली. मागे डबे, स्टिकरं शाबूत. परात. उलटी केली. 'चि. सौ. कां. सुषमा हिस आई-बाबांकडून.' नाव ठोकलेल्या ठिपक्यांत अजून मळसुद्धा बसला नव्हता.

कदाचित काहीच नसेल. घर लहान असेल, अडचण असेल, मुलगी परदेशी गेली असेल... मी दुकानदाराला विचारलं, "हा संच कोणी विकला?"

"विकला असन कोनीतरी," तो म्हणाला. "आपल्याले काय करायचं, बाई?"

मी स्टूल ओढून त्याच्या समोर घेतलं. पिशवीतलं झाकण काढून गल्ल्यावर ठेवलं, नाव त्याच्याकडे करून, आणि म्हटलं की सांगितल्याशिवाय मी इथून उठणार नाही.