चार नंबरची पितळी पट्टी

स्केलबीच्या जुन्या गाड्यांच्या शर्यतीत विल्फ हॅक्सबी नेहमी सगळ्यात लांबच्या वळणावर उभा असायचा. हातात धोका दाखवायचं पिवळं निशाण, खिशात मनुका घातलेला पाव आणि चीज, अंगात तपकिरी डगला. ती जागा त्याने पहिल्याच वर्षी मागून घेतली होती. तिथे ना चहा पोचायचा ना वारा अडायचा, म्हणून दुसरं कुणी भांडायला आलं नाही. पुढे त्रेचाळीस वर्षांत कुणी विचारलंही नाही, की बाबा रे, उभा जन्म गाड्या दुरुस्त करण्यात घालवलास, मग एकदाही गाड्यांच्या जवळ का येत नाहीस. म्हातारा लहरी आहे एवढं म्हणून लोक मोकळे होत, आणि विल्फलाही ते बरंच पडायचं.

सुरुवातीला सगळंच बेताचं होतं. १९७९ साल. लढाईच्या काळातला ओसाड विमानतळ, धावपट्टीच्या भेगांतून गवत आलेलं, दोन्हीकडे बीटाची शेतं. अकरा जुन्या गाड्या आल्या, त्यांतल्या तीन वाटेतच बंद पडल्या म्हणून ट्रॅक्टरने ओढून आणाव्या लागल्या. चर्चच्या बायकांनी तंबू ठोकून चहा दिला. बघायला दोनशे माणसं, त्यांतली निम्मी गाडीमालकांच्या घरची. मग हळूहळू चाळीस गाड्या झाल्या. कुंपण आलं, तिकीट आलं, मनगटाला बांधायची कागदी फीत आली. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, की प्रेक्षकांनीही साठ सालचे कपडे घालून यावं. झालं, टोप्यांची दुकानं लागली, खोट्या मिशा विकायला आल्या, हेलिकॉप्टरमधून उतरणाऱ्या बायका हातमोजे सावरत चिखलातून चालायला लागल्या. यंदा म्हणे ऐंशी हजार लोक येणार होते.

परवाच एका तरुण मुलीने विल्फला थांबवलं होतं.

"हा डगला कुठून भाड्याने घेतलात? अगदी खरा वाटतो."

"खराच आहे. चौसष्ट सालापासून माझ्याकडे आहे."

"वा, बोलता पण अगदी त्या काळातल्यासारखं," म्हणत तिने त्याचा फोटो काढला.

तेव्हापासून विल्फला थोडं गरगरल्यासारखं होत होतं. आपण खरे आहोत की आपलं सोंग आहोत, हा प्रश्न एक्याऐंशीव्या वर्षी माणसाला पडू नये. पण पडला खरा.

या सगळ्या जत्रेत एक गोष्ट मात्र पहिल्या वर्षापासून होती, आणि ती विल्फच्या थोरल्या बहिणीची, एडनाची. तिचा नवरा लेन गार्थ शर्यतीत गाडी चालवायचा. चौसष्ट साली याच धावपट्टीवर, तिसऱ्या वळणावर, त्याची हिरवी गाडी सरळ शेतात गेली आणि उलटली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. पंधरा वर्षांनी, पहिल्या उत्सवात, तीच हिरवी गाडी नव्याने उभी करून कुणी पेम्ब्री नावाच्या गृहस्थांनी आणली. एडना तेव्हा चहाच्या तंबूत कपबशा विसळत होती. ती ॲप्रनवरच बाहेर आली, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून मिनिटभर उभी राहिली, आणि परत जाऊन कपबशा विसळू लागली.

दुसऱ्या वर्षी लोक वाटच बघत होते. पाचव्या वर्षी त्या मिनिटाला सगळी इंजिनं बंद करायचं ठरलं. दहाव्या वर्षी ते कार्यक्रमपत्रिकेत छापून आलं: दुपारी तीन वाजता, एडना गार्थ. आता तर ऐंशी हजार लोक टोप्या काढून उभे राहतात, त्यांतल्या निम्म्या टोप्या भाड्याच्या. आणि दरवर्षी ध्वनिक्षेपकावरून तेच वाक्य ऐकू येतं, की लेन गार्थ हा शूर गडी होता, फक्त त्याला वेग आवरता आला नाही. चौकशीतही तेच निघालं होतं. वळणावर वाजवीपेक्षा जास्त वेग, चालकाची चूक.

लोकांना वाटतं एडना प्रार्थना करते. खरं काय ते तिने एकट्या विल्फला सांगितलं होतं. "प्रार्थना कसली करतेय. शिव्या घालते त्याला. पदरी मी आहे हे माहीत असून एवढ्या वेगात गेला. वर्षातून एक मिनिट मिळतं, ते पुरत नाही."

यंदा शनिवारी सकाळी उत्सवाच्या कारभारीण फिलिपा डनमोर लांबच्या वळणापर्यंत स्वतः चालत आल्या. डोक्यावर पिसाची टोपी, हातात वॉकी-टॉकी, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"मिस्टर हॅक्सबी, तुम्हाला एक गंमत सांगायची आहे. आज दोन आल्यात."

"दोन काय?"

"लेन गार्थच्या गाड्या. एक आपल्या पेम्ब्रींची, नेहमीची. दुसरी बेल्जियमहून, कुणी फेरहेल्स्ट म्हणून आहेत. ते म्हणतात, त्यांचीच खरी. रंग खरवडला तर खाली चौकटीवर चार आकडा ठोकलेला निघाला. आता पेम्ब्रींच्या गाडीवरही चार नंबरची पितळी पट्टी आहे. दोघंही हटून बसलेत. त्या काळातले मेकॅनिक तुम्ही एकटेच उरलात. तीन वाजता माईकवर या आणि खरी कोणती ते सांगून टाका. लोकांना काय मजा येईल."

विल्फने मान हलवली. होकाराची की नकाराची ते त्यालाही कळलं नाही, पण फिलिपाबाईंनी होकाराची धरली आणि त्या गेल्या.

त्यांना जी गंमत वाटत होती, ती विल्फला गंमत वाटली नाही. तो गवतावरच बसला.

लेन ज्यांच्याकडे चालवायचा त्या मालकांच्या दोन गाड्या होत्या, तीन नंबर आणि चार नंबर, एका साच्यातल्या, एका हिरव्या रंगाच्या. लेनची चार नंबरची; विल्फ तिथे धाकटा मेकॅनिक. शर्यतीसाठी समुद्रापलीकडे जायचं तर जकातीच्या कागदांवर गाडीचा नंबर लागायचा. कागद एका गाडीचे तयार असायचे आणि तयार असायची नेमकी दुसरीच. मग काय करायचं, तर पट्टी बदलायची. चार स्क्रू काढले, चार लावले, की तिनाची चार झाली. सगळेच करायचे. जकातवाल्यांनाही माहीत होतं. त्या मोसमात विल्फने त्या दोन पट्ट्या किती वेळा इकडच्या तिकडे केल्या असतील, देव जाणे. परत आल्यावर त्या पुन्हा जागच्या जागी लावायच्या, एवढाच नियम.

लेन गेला त्याच्या आदल्या आठवड्यात गाड्या बेल्जियमहूनच परत आल्या होत्या. मोठ्या मेकॅनिकने तिकडेच एक केसाएवढी चीर हेरली होती, पुढचं डावं चाक वळवणाऱ्या दांड्यात. तो आजारी पडून घरी गेला आणि जाताना चिठ्ठी ठेवून गेला: चार नंबरचा डावा दांडा बदल. विल्फ तेवीस वर्षांचा होता. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या, सीटं बाहेर काढलेली, नाहीतर लेनच्या सीटवरून त्याची गाडी ओळखता आली असती. त्याने वाकून पट्टी वाचली, चार, आणि त्या गाडीचा दांडा बदलला. नवा दांडा त्याने स्वतः घडवला होता. जुना भंगारात टाकला. चीर दिसली का, तर नाही दिसली, पण घाईत कोण भिंग घेऊन बसतं.

आता बेल्जियमच्या गाडीच्या चौकटीवर चार निघाला, आणि पट्टी मात्र पेम्ब्रींच्या गाडीवर. म्हणजे पट्ट्या परत बदलल्याच नव्हत्या? म्हणजे नवा दांडा त्याने तीन नंबरला बसवला, आणि लेन चिरलेल्या दांड्यावर गेला?

की मालकांनी नंतर विकताना पट्टी हलवली? मोडकी गाडी विकायची तर तेही असलं काहीतरी केल्याशिवाय राहिले नसते. विल्फने डोक्यात दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या आणि आठवायला बसला. आपण गोदीवर स्क्रू काढतोय हे त्याला स्पष्ट दिसत होतं. पण ते जातानाचं की येतानाचं, हे काही केल्या दिसेना. अठ्ठावन्न वर्षं ही शंका तो लांबच्या वळणावर घेऊन उभा राहत होता. तिथे ती गप्प असायची. आज ती पिसाची टोपी घालून समोर आली होती.

शेवटी त्याने निशाण शेजारच्याकडे दिलं आणि त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा गाड्यांच्या तळावर गेला. एक खूण होती. स्वतः घडवलेल्या प्रत्येक तुकड्यावर विल्फ पंचने दोन टिंबं ठोकायचा, शेजारी शेजारी. ती पेम्ब्रींच्या गाडीत सापडली, तर नवा दांडा चुकीच्या गाडीला बसला हे नक्की, मग संपलंच.

धाकट्या पेम्ब्रींना, म्हणजे पहिल्या वर्षी गाडी आणणाऱ्यांच्या मुलाला, वाटलं म्हातारा पाहणी करतोय. ते कौतुकाने बाजूला झाले. विल्फ गाडीखाली शिरला, बॅटरीच्या उजेडात दांडा पुसला. एक टिंब होतं, स्वच्छ, त्याच्याच हातचं असावं असं. शेजारी दुसरा खळगा होता. तो टिंब होता की गंजाने खाल्लेली जागा, हे त्याने पाच मिनिटं बोट फिरवून पाहिलं.

"हा दांडा पहिल्यापासूनचा आहे का?" त्याने खालूनच विचारलं.

"कुणास ठाऊक. आमच्या वडिलांनी भंगाराच्या ढिगातून निवडून निवडून ही गाडी जुळवली. त्यातलं कुठलं कुणाचं, सांगणं कठीण आहे."

विल्फ बाहेर आला तेव्हा त्याला काहीच कळत नव्हतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आपल्याला नक्की काय सापडायला हवं होतं तेही कळत नव्हतं.

एडना चहाच्या तंबूत होती. तंबू आता चर्चचा राहिला नव्हता. आत पेट्रोलपेक्षा महाग चहा मिळायचा आणि वाढणाऱ्या मुली जुन्या वेण्या घालून असायच्या. एडनाने त्याच्याकडे वर पाहिलं.

"इकडे कसा? वळण पळालं का?"

"एडना, मला काहीतरी सांगायचंय."

"डगल्याला ग्रीस लागलंय. आधी बस."

त्याने सगळं सांगितलं. पट्ट्या, चिठ्ठी, दांडा, टिंब. सांगताना दोनदा क्रम चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एडनाने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि तिच्या बाबतीत हे लक्षण बरं नव्हतं.

"म्हणजे तो वेगात नव्हता," ती शेवटी म्हणाली.

"असं नाही. असेलही. मला माहीत नाही."

"म्हणजे तू मारलंस त्याला."

"तेही माहीत नाही, एडना. देवाशपथ माहीत नाही. कदाचित."

"अठ्ठावन्न वर्षं तुला माहीत नाही, आणि मला आज सांगतोस?"

"आजपर्यंत नुसती शंका होती. आज तिला आकडा मिळाला."

एडनाने कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. "त्रेचाळीस वर्षं मी त्याला शिव्या घालतेय, विल्फ. ऐंशी हजार माणसं टोप्या काढून उभी असताना. आता त्या परत कशा घेऊ? आणि घेतल्या तर त्या कुणाला देऊ?"

विल्फ रडतोय हे एडनाच्या आधी वेणीवाल्या मुलीच्या लक्षात आलं, आणि तिने न विचारताच त्याच्यापुढे चहा आणून ठेवला.

तीन वाजता दोन्ही हिरव्या गाड्या एक फेरी मारून शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. इंजिनं बंद झाली. ध्वनिक्षेपकाने शूर गडी म्हटलं, वेग आवरता आला नाही म्हटलं. फिलिपाबाईंनी विल्फच्या तोंडापुढे माईक धरला. "तर मिस्टर हॅक्सबी, खरी कोणती?"

"मला माहीत नाही," विल्फ म्हणाला. "आणि तो वेगात होता हेसुद्धा कुणाला माहीत नाही. ते म्हणणं बंद करा. चूक माझी असू शकते."

ते धावपट्टीभर ऐकू गेलं. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. काहींनी टाळ्या वाजवल्या, मग शेजारच्यांकडे बघून थांबवल्या. फिलिपाबाई कागदात पुढचं वाक्य शोधू लागल्या, पण ते तिथे लिहिलेलं नव्हतं.

एडना पुढे आली. ऐंशी हजार माणसं ती कोणत्या गाडीकडे जाते ते बघत होती. तिने विल्फची बाही धरली.

"ठेव हात."

"मी?"

"आजवर कधी ठेवलास?"

"कोणत्या गाडीवर?"

"तुला माहीत नाही, मला माहीत नाही. जवळ आहे तिच्यावर ठेव."

त्याने ठेवला. बॉनेट चांगलंच तापलेलं होतं. चटका बसताच त्याने हात मागे घ्यायला पाहिलं, तेवढ्यात वरून एडनाचा हात आला आणि त्याचा हात खाली दाबून बसला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ नेहमीसारखे हलत होते, पण त्या शिव्या आता कुणासाठी होत्या, की ती लेनची माफी मागत होती, हे इतक्या जवळूनही कळत नव्हतं.

"एडना, भाजतंय," तो हळूच म्हणाला.

"मला पण," एडना म्हणाली. "हलू नकोस. अजून मिनिट झालेलं नाही."