व्याह्यांचा पस्ताना

विमानप्रवासाची जेवढी तयारी माझ्या व्याह्यांनी केली, तेवढी विमान बांधणाऱ्यांनीही केली नसेल, असे मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. ते कळंबचे भातशेतकरी. मी खालापूरच्या कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, मस्कतला नोकरीस होता. माझी मुलगी तिकडेच बाळंत झाली आणि आम्हा दोघांना एक नातू झाला, जो दोघांपैकी कोणीच पाहिला नव्हता. व्याह्यांना दम्याचा जुना विकार. "एकदा त्याला मांडीवर घिऊ द्या, मंग दम्यानं मला कुटं न्यावं तिकडं न्यावं," असे ते म्हणत.

जावयाने विमानातले नियम पत्राने कळवले होते. आमच्या देशात नियम वाचून तो पाळणारे माझ्याखेरीज तेच एक गृहस्थ मी पाहिले. सामानाचे वजन त्यांनी कर्जतच्या भाताच्या वखारीत तीन वेळा करवले आणि तिसऱ्या वेळी स्वतःची छत्री वगळली. पिशवीवर लाल दोऱ्याने नाव, गाव, तालुका आणि शेताचा सर्व्हे नंबर शिवून घेतला. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "इमान चुकून दुसरीकडं उतारलं, तर तिथल्या तलाठ्याला कळाया नको?" उंचीची सवय व्हावी म्हणून कानात कापसाचे बोळे घालून ते शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसत, आणि खालून गड्यांनी कितीही हाका मारल्या तरी केवळ हात हलवीत. एकदा तर एस.टी.त त्यांनी उपरण्याने स्वतःला बाकाशी बांधून घेतले. कर्जत आले, गाडी रिकामी झाली, हे जागचे हलेनात.

"आवो बाबा, उतरा की! गाडी डेपोत चाललीया," कंडक्टर म्हणाला.

व्याह्यांनी ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पिवळ्या दिव्याकडे बोट दाखवले. "दिवा हाय तवर पट्टा सोडायचा नाय. पोराचं पत्र हाय."

"बाबा, त्याचं बटण मोडलंय! ह्यो दिवा दिवाळीपातुर इझायचा नाय!"

शेवटी ड्रायव्हरने दिवा उपसून काढला, तेव्हा हे उतरले.

पंचांगात प्रवासाला चांगला दिवस निघाला, त्या दिवशी पासपोर्टचा पत्ताच नव्हता. अशा वेळी मुहूर्तावर आपले गाठोडे वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायचे, की प्रवास सुरू झाला. माणूस मागाहून निघतो. यालाच पस्ताना म्हणतात. अट एकच: ते गाठोडे पुन्हा घरी फिरत नाही, पुढेच जाते. मुंबईचा रस्ता माझ्या दारावरून जात असल्याने व्याही गाठोडे घेऊन माझ्याकडे आले. परक्याची वस्तू विनापावती ठेवून घेणे माझ्या तत्त्वात बसत नाही. मी पावती लिहू लागलो, तर ते हसले. "इवाय, पावती कसली करता? तुमचं दार हाय, तीच पावती."

पासपोर्टसाठी मात्र मी लिहिले. दर पंधरवड्याला, कलमांच्या आधारासह, रजिस्टर पोस्टाने. व्याही जवळ बसून ऐकत. "इवाय, जरा ग्वाड लिवा," ते एकदा म्हणाले. "कागुद बी मानूसच वाचतो." मी संतापलो. हक्क मागायचा असतो, भीक नव्हे, असे त्यांना सुनावले, आणि त्याच भरात संबंधित कारकुनाच्या कर्तव्यच्युतीबद्दल त्याच्या वरिष्ठांस तीन पानी तक्रार केली. पुढे शिळफाट्यावर चहा पिताना त्याच कार्यालयातला एक शिपाई भेटला. म्हणाला, "साहेब, ती फाईल कवाच वर आली होती. तुमचं ते पत्र आलं अन् पार तळाला गेली." हे मी व्याह्यांना सांगितले नाही. सांगणे माझे कर्तव्य होते.

आषाढात लावणी चालू असताना दम्याने त्यांना नेले. पासपोर्ट भाद्रपदात आला. फोटोत त्यांनी श्वास रोखून धरलेला स्पष्ट दिसतो.

दोन वर्षांनी मी स्वतः मस्कतला निघालो. माझ्या पासपोर्टसाठी मी एकच पत्र लिहिले, आणि ते गोड लिहिले. कळंबला परत न्यायची सोय नसलेले गाठोडे माझ्या हातात होते. विमानतळावर एका अधिकाऱ्याने विचारले, "हे कुणाचे?" असत्य विधानाचे परिणाम मला पाठ आहेत. तरी मी म्हणालो, "माझेच." त्याने सोडून पाहिले: मूठभर तांदूळ, एक सुपारी, आणि जुन्या धोतराचे शिवलेले झबले. ते आता नातवाच्या डोक्यातून जाणार नव्हते.

विमानात गाठोडे मांडीवर घेऊन मी त्याच्यावरून पट्टा बांधला. मस्कतला चाके टेकली आणि माणसे भराभर उठू लागली. मी मात्र वरच्या दिव्याकडे पाहत बसून राहिलो. तो गेला तेव्हाच पट्टा सोडला.

"इवाय," मी म्हणालो, "दिवा विझला. उतरा."