बाटल्या भरणारे काका

न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काकांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. रक्ताच्या बाटल्या धुवायच्या, वाळवायच्या, प्रत्येकीत दोन पांढऱ्या पावडरी चिमूट-चिमूट टाकायच्या आणि खोक्यांत भरून रक्ताच्या नमुन्यांसाठी इस्पितळांना पाठवायच्या. एक रक्त गोठू देत नाही. दुसरी, फ्लोराइड, ते नासू देत नाही. फ्लोराइड नसेल तर जंतू रक्तातली साखर आंबवतात आणि बाटलीतल्या बाटलीत दारू तयार होते. मेलेला माणूस न पिता पिऊन बसतो! नव्या साहेबांना हे सांगताना काकांना असा काही चेव येई, की जणू शोध त्यांनीच लावलाय. "साहेब, माझी चिमूट हुकली ना, की तुमचं मशीन येडं!"

त्या दिवशी खिडकीपाशी एका बस ड्रायव्हरची बहीण तिसऱ्यांदा आली. तिच्या भावाची बस भिंतीवर आदळली होती. तो गेला, सोबत दोन प्रवासीही गेले, आणि त्याच्या रक्तात दारू निघाली.

"परत आलात, ताई?"

"येणारच. आमचा दादा थेंबाला शिवला नाही हो कधी. आता लोक तोंडावर म्हणतात, दारुड्यानं दोघांना मारलं. त्याची पोरगी शाळेत जाईना झालीय."

"मशीन खोटं नाही बोलत, ताई."

"मशीनला काय ठाऊक दादा? चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायचा बिचारा. एवढा डायबेटिस अंगात, तो कसली दारू पितोय!"

काकांनी नोंदवही उघडली. रक्तात साखर भरपूर. बाटली इथं पोहोचेपर्यंत चार दिवस उकाड्यात पडून. असू दे, फ्लोराइड होतंच की आत. होतं ना?

ते कोठीच्या खोलीत गेले. फ्लोराइडच्या बरणीला कायम निळं झाकण, दुसरीला पांढरं. लेबल वाचायची गरजच पडली नव्हती कधी. या खेपेला पुरवठादारानं दोन्ही बरण्या निळ्या झाकणाच्या पाठवल्या होत्या. पांढऱ्या झाकणाची जुनी बरणी अजून चालूच होती, आणि या नव्यांतली एक अर्धी झालेली. लेबल बघितलं, तर ती गोठू न देणारी. फ्लोराइडच्या बरणीचं सील जसंच्या तसं. म्हणजे ज्या खोक्यातून ड्रायव्हरची बाटली गेली, त्यातल्या चाळीसही बाटल्यांत काकांनी एकच पावडर दोनदा टाकली होती.

निवृत्तीला आठ महिने राहिले होते. सील फोडायचं, थोडी पावडर बेसिनमध्ये सोडायची, नळ सुरू करायचा. कोण विचारतंय? काकांनी सीलखाली नख घातलंही. मग बरणी तशीच छातीशी धरून ते विभागप्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

मॅडमनी सगळं ऐकून चष्मा काढला. "म्हणजे कसंय ना काका, रिपोर्ट मागे घेऊ. त्या खोक्यातले सगळेच घ्यावे लागतील. पण म्हणजे कसंय ना, तो प्यायला नव्हता असं आपण नाही म्हणू शकत. दुसरं रक्त कुठंय?"

"मग काय म्हणायचं?"

"निष्कर्ष काढता येत नाही."

एरवी त्यांच्या त्या "म्हणजे कसंय ना"ची नक्कल करून काकांनी अख्खा विभाग हसवला असता.

बहीण बाकावर बसून होती. काका शेजारी टेकले. "ताई, बाटली मी भरली होती. चुकीची भरली."

तिचे डोळे चमकले. "म्हणजे दादा प्यायला नव्हता!"

"ते सांगता येत नाही."

"अहो, आत्ताच तर म्हणालात!"

"चूक माझी, एवढंच म्हणालो. त्याचं खरं काय ते आता कुणालाच कळायचं नाही."

तिनं पिशवी उचलली, पुन्हा मांडीवर ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं काकांना.

"मग तेवढं तरी लिहून द्या," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात. पोरीला वाचता आलं पाहिजे."

काका कागद आणायला उठले.