एवढ्यात काय येतं?

आमच्या विशेष शाळेत पैशांचा धडा फळ्यावर शिकवून उपयोग नसे. शंभर दहापेक्षा मोठे, हे मुलं पाठ करायची आणि डबा खाऊन होईपर्यंत विसरायची. म्हणून दर गुरुवारी मी त्यांना पनवेलच्या बाजारात न्यायची. प्रत्येकाच्या हातात एक नोट. ती देण्याआधी दुकानदाराला विचारायचं, "एवढ्यात काय येतं?" आणि उत्तर मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही.

कोळ्यांच्या एका मुलीला मी कोपराने ढोसल्याशिवाय ते वाक्य कधी आलंच नाही. तिची आई मासळीबाजारात बसायची. "बाई, येवढं आलं ना, तर माज्या पाटीवर बसंल ती," आई म्हणायची. "नायतर मी मेल्यावर हिचं काय, हीच काळजी हाय." मी हो म्हणायची. वर्षानुवर्षं हो म्हणून म्हणून दमले होते.

त्याच सुमारास माझ्याबरोबर डी.एड. केलेल्या मैत्रिणीचा इंग्लंडहून फोन आला. तीही तिथे अशाच मुलांना शिकवायची. तिने पगार सांगितला आणि मी शिक्षकखोलीत बसून तो पाउंडाच्या भावाने गुणला. सगळ्या बायकांचे चहाचे कप हातातच राहिले. आमचं मानधन तुटपुंजं, तेही महिनोनमहिने रखडलेलं. "तूही ये, जागा आहेत," ती म्हणाली. जायचंच, असं मी ठरवून टाकलं.

पुढच्या फोनवर मी म्हटलं, "मजा आहे तुझी!"

"रुपयांत मोजलंस तर आहे," ती वैतागून म्हणाली. "कमावते पाउंडात, पण खातेही पाउंडातच ना! अर्धा पगार भाड्यात जातो. उरलेला पोरीच्या पाळणाघरात. शाळेजवळ घर घ्यायचं तर नावच नको."

इथे विमानतळ येणार म्हणून उलव्यापासून पनवेलपर्यंत घरांचे भाव चढले होते. शाळेजवळ घर मलाही परवडणार नव्हतं. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय! तिला एक गोष्ट मात्र खरंच स्वस्त होती, आजारपण. आजारी पडली तरी पगार कापला जायचा नाही. त्याचा मला मनापासून हेवा वाटला.

मुलांना जन्मभर शिकवलं की नोटेवरचा आकडा बघू नका, तिच्यात काय येतं ते विचारा. आणि मी बाई काय करत होते, तर गुणाकार.

काही दिवसांनी रखडलेल्या मानधनाचं पाकीट वर्गातच हातात पडलं. ती मुलगी उठली, माझ्यासमोर आली, पाकिटाकडे बोट केलं आणि कोणी न ढोसता म्हणाली, "बाई, एवढ्यात काय येतं?"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, डोळे भरून आले. टाळ्या थांबल्या तरी ती हलेना. उत्तर हवं होतं तिला.

"भाडं आणि किराणा," मी म्हणाले. मग ती जागेवर जाऊन बसली.

इंग्लंडला मी गेले नाही. त्यागबिग काही नव्हता तो. तिथे कोणी विचारलं असतं, तरी मला हेच सांगावं लागलं असतं.