बिनतारखेचा राजीनामा

शाळा उघडण्याच्या दिवशी मी मस्टरवर सही करायला गेले, तर मस्टरमध्ये माझं नावच नव्हतं.

दरवर्षी मस्टर मीच आखायची. रेघा सरळ येतात म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलेलं. यंदा दुसऱ्याच कोणी तरी आखलं होतं, वाकडंतिकडं, आणि गणित-विज्ञानाच्या शिक्षिकेच्या, म्हणजे माझ्या, ओळीत संस्थेच्या अध्यक्षांच्या सुनेचं नाव होतं. मी पेन उघडून तशीच उभी राहिले. मला आधी वाटलं, घाईत चूक झाली असेल, आता पान फाडून पुन्हा आखावं लागणार. इतकी मी बावळट. क्लार्क माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मॅडम, सरायले भेटून घ्या."

सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. पण मुख्याध्यापक ते नंतर झाले, माझे सर ते आधीपासूनचे. चांदूर बाजारला आठवी ते दहावी त्यांनी मला गणित शिकवलं. बारावीनंतर वडील माझ्यासाठी स्थळं पाहायला लागले, तेव्हा हेच सर सायकलवर आमच्या घरी आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "पोरीचं डोकं चालते भाऊ. लगन काय पळून चाललं काय?" त्या एका वाक्यावर माझं बी.एस्सी. झालं, बी.एड. झालं. लग्न होऊन मी अकोल्याला जुन्या शहरात आले, तेव्हा सर अकोल्यातच एका नव्या शाळेचे मुख्याध्यापक झाले होते. त्यांनी बोलावलं आणि मी गेले. दुसऱ्या कोणी बोलावलं असतं तर मी चार प्रश्न तरी विचारले असते.

शाळा विनाअनुदानित. म्हणजे सरकार आज ना उद्या अनुदान देईल, मग खरा पगार सुरू होईल, तोवर संस्था हातावर टेकवेल ते घ्यायचं आणि वाट पाहायची. मी अकरा वर्षं पाहिली, आणि नुसती बसून नाही पाहिली. अनुदानाला पट लागतो, म्हणून दर मे महिन्यात आम्ही मास्तर-मास्तरणी पोरं गोळा करत गावोगाव फिरायचो. अकोल्याचा मे! तोंडाला दुपट्टा गुंडाळायचा, पर्समध्ये कांदा टाकायचा आणि गाडी काढायची. दुसऱ्या शाळेचा मास्तर आपल्या आधी गावात पोचलेला असला, तर तो पुढच्या दारातून निघेपर्यंत आपण मागच्या दारात उभं राहायचं. एका घरी तर मी पोरीच्या आईला वर्षाचे गहू निवडू लागले आणि उठले ती पोरीचा दाखला घेऊनच. आमच्या पटावरची कितीतरी पोरं माझ्या घामाने आलेली आहेत. हे मी मिरवायला सांगत नाही, रागाने सांगते आहे.

तर मी सरांच्या खोलीत गेले. एरवी मला पाहिलं की ते चष्मा काढून हसायचे. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला नाही.

"बस," म्हणाले. "तुहा राजीनामा मंजूर झाला बाई."

"मी कधी दिला?"

"दिलेला हाय ना. सही तुहीच हाय."

त्यांनी कागद पुढे सरकवला. सही माझीच होती, अकरा वर्षांपूर्वीची, जरा जास्त गोल.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो तोंडाकडे पाहत राहतो. आमच्या शाळेत नोकरीला लागताना दोन कागद घेत. एक अर्ज, नोकरी द्या म्हणून. दुसरा राजीनामा, घरगुती कारणाने नोकरी सोडते म्हणून. त्यावर सही करायची, तारीख टाकायची नाही. तो कागद लोखंडी कपाटात जायचा आणि माणूस वर्गात जायचा. सगळेच देत, म्हणून कोणी विचारत नसे. मी जराशी थबकले होते, तेव्हा सर म्हणाले होते, "काहून घाबरून राहिली? कपाटाची चाबी माह्याजोळ राहते." चावी सरांकडे म्हणजे कागद माझ्याच घरी असल्यासारखा, असा मी विचार केला. गणिताची शिक्षिका मी!

आता अनुदान आलं होतं आणि कर्मचाऱ्यांची यादी वर सरकारकडे गेली होती. कोऱ्या जागेवर तारीख पडली होती. एप्रिलची. म्हणजे यंदा मे महिन्यात मी गावं पालथी घालत होते, तेव्हा कागदोपत्री मी त्या शाळेची कोणीच नव्हते. आणि रोज संध्याकाळी सर मला फोन करून विचारत होते, किती दाखले झाले.

"सर, ही तारीख कोणी टाकली?"

ते टेबलाच्या काचेकडे पाहत म्हणाले, "माह्या पोराचं पाहा लागते ना मले. त्याचंबी नाव त्याच यादीत हाय. शिपायाचं का होईना. अध्यक्षायले नाही म्हनलं असतं तं ते बी गेलं असतं. तू हुशार हायेस, तुले कुठीबी भेटन."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. माझं डोकं चालतं म्हणून ज्या माणसाने मला शिकवलं, त्यानेच माझं डोकं चालतं म्हणून मला बाहेर काढलं. अध्यक्षांचा मला राग आला नाही, त्यांच्याकडून माझी काही अपेक्षाच नव्हती. मी सरांना म्हणाले, "तुमच्या घरी यापुढे पाणीसुद्धा पिणार नाही," आणि निघाले. स्टाफरूमवरून जाताना सगळ्यांनी वेळापत्रकात डोकी घातली होती.

घरी पहिले आठ दिवस मी भांडी आपटली. सल्ले द्यायला मात्र लोकांची रीघ. कोणी म्हणे क्लास काढा, कोणी म्हणे आता घराकडे लक्ष द्या, जसं काही इतकी वर्षं घर शेजाऱ्यांनी चालवलं. नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तो कमी बोलतो. एका दुपारी जेवायला आला तेव्हा म्हणाला, "लढाचं म्हनशीन तं लढू. पन खरं सांग, तुले नोकरी पायजे का सरायचं उतरलेलं तोंड पाहाचं हाय?"

"दोन्ही," मी म्हणाले.

मंजुरीच्या पत्राला जोडून आलेली राजीनाम्याची झेरॉक्स मी त्याच्यासमोर धरली. तारखेत नऊचा आकडा होता. सरांचा नऊ जगावेगळा, त्याचं शेपूट ओळीच्या पार खाली जातं. हा नऊ त्यांचाच, कोर्टात कोणीही ओळखेल, असं मी ठणकावून सांगितलं. नवऱ्याने फ्रिजवर चिकटवलेली किराण्याची यादी काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्यातही नऊ होता. शेपूट तसंच, पार खाली. आठवीत फळ्यावरचे सरांचे आकडे मला इतके आवडायचे, की मी ते गिरवून गिरवून उचलले होते. आता कोणीही म्हणणार की तारीख हिनेच टाकली. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले.

वकिलांनीही तेच सांगितलं. "आकड्याच्या भानगडीत पडू नका. महिन्याच्या आत अमरावतीला शाळा न्यायाधिकरणात अपील टाकावं लागेल. पण या शाळेत बिनतारखेचे राजीनामे घेतात, हे सांगणारं दुसरं माणूस पाहिजे. त्याशिवाय ते म्हणतील, बाईने स्वतः दिला आणि आता फिरली." मी स्टाफमधल्या एकेकाला फोन केला. कोणाची तब्येत बरी नव्हती, कोणाच्या घरी लग्न होतं. सगळ्यांचे कागद त्याच कपाटात, कोण कशाला येतो?

"याआधी कोणाला असं काढलं होतं का?" वकिलांनी विचारलं.

"काढलं होतं," मी म्हणाले, आणि मला त्यांच्याकडे पाहवेना.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मराठीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्या दहावीच्या वर्गशिक्षिका, जाताना तो वर्ग माझ्याकडे देऊन गेल्या, "मी आली की घेते, तवर सांभाळा" म्हणून. त्या परत आल्या तेव्हा त्यांचा राजीनामा मंजूर झालेला होता. सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "त्यायनं सोताच सोडली." खरं काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मग सरांनी एक कागद फिरवला. त्यात लिहिलं होतं की मॅडम नोकरी सोडणार असल्याचं आमच्यासमोर बोलल्या होत्या. खाली पाच सह्या, दुसरी माझी. सरांनी पुढे केलेला कागद मी कधी वाचत नसे, पण तो वाचला होता. वाचून सही केली. नंतर त्यांचे फोन आले, ते मी उचलले नाहीत. दहावीचा वर्ग माझ्याकडेच राहिला.

"त्यांना भेटा," वकील म्हणाले. "पण त्या सहीबद्दल कुठे लिहून देऊ नका. तो कागद समोरच्याच्या हातात पडला तर ही बाई खोट्यावर सही करते असं म्हणून तुमची केस तिथेच संपवतील."

अपिलाला बारा दिवस उरले होते, तेव्हा मी अमरावतीची एसटी धरली. मॅडम आता नांदगाव पेठच्या एका कारखान्यात शर्ट तपासायच्या कामावर होत्या, त्यांच्या सुटीचा वार मी विचारून घेतला होता. मूर्तिजापूर येईपर्यंत मी काय बोलायचं ते जुळवत होते, आणि खरं सांगायचं तर त्यात सगळं माझंच होतं. अकरा वर्षं, उन्हाळे, सर. अख्ख्या वऱ्हाडात माझ्याइतका कोणाचा विश्वासघात झाला नसेल, अशी माझी खात्री होती.

त्यांनी दार उघडलं. "या," म्हणाल्या. पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही, आणि आमच्याकडे चहाचं न विचारणं म्हणजे काय ते मला कळतं. त्यांची मुलगी पलंगावर झोपली होती.

"तुमालेबी काढलं," त्या म्हणाल्या. "कळलं मले."

मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी मुलीच्या अंगावरची चादर सारखी केली.

"मीबी वकील केला होता," त्या म्हणाल्या. "संस्थेनं तो पाच सह्यायचा कागद दाखवला. पहिली सही पाहिली, मले काही वाटलं नाही. दुसरी पाहिली अन् घरी येऊन फाइल पेटीत टाकून देली. आठ दिवस तुमाले फोन करून राहिली होती मी. मले वाटे, बाकीचे भेले असतीन, पन या मॅडम येतीन."

"सरांनी कागद पुढे केला होता..." मी म्हणाले. त्या माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या, तेव्हा मी थांबले.

"मी येते साक्षीले," त्या म्हणाल्या. "पन पहिले तुमी लिहून द्या का तो कागद खोटा होता. माही मुदत तं कवाच गेली, माह्यं आता काही होत नाही. पन माही पोरगी उद्या विचारन, आई तुनं शाळा कावून सोडली? तवा दाखवाले मले काही तरी पायजे."

मी वकिलांचं म्हणणं त्यांना सांगितलं. लिहून दिलं तर माझी केस जाऊ शकते.

"मंग राहू द्या," म्हणत त्या रिकामा ग्लास घेऊन उठल्या.

मी बसून राहिले. लिहू नये तर साक्षीदार नाही. लिहावं तर साक्षीदार आहे, पण माझ्याच हाताने दिलेला पुरावा माझ्याविरुद्ध. मला राग आला, आधी त्यांचा, मग वकिलांचा. मग त्या ओट्याजवळ पाठमोऱ्या उभ्या होत्या त्याकडे माझं लक्ष गेलं. चार वर्षांपूर्वी या बाईने आठ दिवस माझी वाट पाहिली होती, आणि तेव्हा मी त्यांच्या वर्गाला पायथागोरस शिकवत होते. सरांनी माझ्याशी जे केलं त्यात आणि यात मला काही फरक दाखवता येईना.

मी कागद मागितला. अर्धं पान लिहिलं. त्यांनी उभ्या उभ्याच वाचलं, वह्या तपासाव्यात तसं, एकेका शब्दावर बोट ठेवत. मग कागद माझ्यापुढे ठेवून एका जागी नख टेकवलं. तिथे मी लिहिलं होतं, "सरांनी सांगितलं म्हणून".

"हे खोडा," त्या म्हणाल्या. "सर तुमचे होते. माहे नोते."

मी खोडलं. मग त्या वाक्यात जे उरलं ते एवढंच होतं, की मॅडम नोकरी सोडणार असल्याचं कधीही बोलल्या नव्हत्या, हे मला माहीत होतं, आणि मी सही केली.