ओरखड्यांचा दगड

बाबा विद्यापीठात भूविज्ञान शिकवत. नॉर्वेहून आणलेला कातळाचा एक तुकडा ते वर्गात नेत. हिमयुगातल्या सरकत्या बर्फाने त्यावर समांतर ओरखडे पाडले होते. "बर्फ गेला. तो होता हे यावरून कळतं," ते म्हणत.

बाबा गेले. स्मशानातून आणलेला जीवखडा, ज्यात मृताचा जीव असतो असं मानतात, दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरी कोनाड्यात ठेवला होता. शेजारीच बाबांचा दगड होता. दहाव्या दिवशी काकांनी घाटावर जाऊन जीवखडा म्हणून बाबांचा दगड गंगेत सोडला.

"बिटिया, जल्दीत दोन्ही सारखेच दिसले गं," काका म्हणाले.

कोनाड्यात राहिलेला जीवखडा मी उलटसुलट करून पाहिला. तो गुळगुळीत होता. त्यावर एकही ओरखडा नव्हता.